मांजरीचा मधुमेह घरी सांभाळताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निदान झाल्यावर पहिले काही आठवडे घरात गोंधळच असतो. डॉक्टरांनी सांगितलेलं निम्मं दवाखान्यातून घरी येईपर्यंत विसरलेलं असतं आणि उरलेलं रात्री अकरा वाजता आठवतं. त्या वेळी हाताशी असावेत म्हणून हे प्रश्न एकत्र केले आहेत. डोस मात्र इथून ठरवू नका, तो तुमच्या मांजरीला तपासलेल्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

आम्ही तिला गोडधोड कधीच दिलं नाही. मग डायबिटिस झालाच कसा?

मांजरीला गोड चव कळतच नाही. गोडाची जाणीव करून देणाऱ्या जनुकांपैकी एक मांजरांच्या अख्ख्या कुळात निकामी झालेलं आहे, हे 2005 मध्ये सिद्ध झालं. त्यामुळे लाडाने भरवलेल्या मिठाईला दोष देऊन उपयोग नाही. बहुतेक मांजरांचा मधुमेह माणसांच्या टाइप 2 सारखा असतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, स्वादुपिंड जोर लावून जास्त इन्सुलिन तयार करत राहतं आणि शेवटी थकतं. वाढलेलं वजन, उतारवय, घरात बसून राहणं ही नेहमीची कारणं. नसबंदी झालेल्या बोक्यांमध्ये प्रमाण जास्त दिसतं. खाज किंवा दम्यासाठी दिलेली स्टेरॉइड्स, विशेषतः बरेच दिवस अंगात राहणारं इंजेक्शन, हेही एक मोठं कारण आहे. असं काही दिलं गेलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

घरच्या घरी संशय कधी घ्यावा?

भरपूर पाणी, भरपूर लघवी, भरपूर खाणं आणि तरीही वजन उतरतंय, ही चार लक्षणं एकत्र दिसली की रक्त तपासून घ्या. सगळ्यात आधी बोलतो तो लिटर ट्रे. लघवीचे गोळे एकाएकी मोठे होतात आणि उचलायला गेलं की तळाला चिकटून बसतात. पाणी मोजायचं असेल तर सकाळी मापाने वाडगा भरा, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. चार किलोची मांजर दिवसाला 400 मिलिलिटरच्या वर पीत असेल तर ते नक्कीच जास्त आहे. ओलं खाणं खाणारी मांजर मुळात पाणी कमी पिते, त्यामुळे तिच्या बाबतीत याहून कमी आकड्यालाही कान टवकारावेत.

दवाखान्यात साखर 300 आली. म्हणजे झालाच ना मधुमेह?

नाही, एवढ्यावरून म्हणता येत नाही. पिंजऱ्यात कोंबलेली, गाडीत ओरडत आलेली, शेजारी कुत्रा भुंकतोय म्हणून भेदरलेली मांजर केवळ ताणामुळे तिनशेपर्यंत, कधी त्याहीवर साखर चढवून दाखवते. म्हणून डॉक्टर लघवीतली साखर पाहतात आणि रक्तातलं फ्रुक्टोसामाइन तपासतात. फ्रुक्टोसामाइनवरून मागच्या एक-दोन आठवड्यांतली सर्वसाधारण पातळी कळते, त्या एका घाबरलेल्या क्षणाची नाही. फक्त एका रीडिंगवरून कुणी इन्सुलिन सुरू करा म्हणत असेल तर ही तपासणी मागून घ्यायला संकोचू नका.

इन्सुलिनऐवजी गोळीवर भागत नाही का?

काही मांजरांचं भागतं. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या औषधांपैकी बेक्साग्लिफ्लोझिन या गोळीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर 2022 मध्ये मान्यता दिली आणि तोंडाने द्यायच्या व्हेलाग्लिफ्लोझिन या द्रव औषधाला ऑगस्ट 2023 मध्ये. दिवसातून एकदा द्यायचं, सुई नाही. ऐकायला फारच सोयीचं.

पण ही औषधं नव्याने निदान झालेल्या, एरवी ठणठणीत, खात्यापित्या आणि पूर्वी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठीच आहेत. स्वादुपिंडात थोडंफार इन्सुलिन तयार होत असेल तरच ती चालतात. शिवाय यांत एक फसवी गोष्ट आहे : या औषधांवर असताना रक्तातली साखर जवळपास नॉर्मल दिसत असूनही अंगात कीटोन (साखरेऐवजी चरबी जाळली जाताना तयार होणारी आम्लं) साठून मांजर गंभीर होऊ शकते. त्यामुळे ग्लुकोमीटरवर आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त राहता येत नाही. खाणं सुटलं, उलट्या झाल्या किंवा मलूल पडली, की औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

इन्सुलिन किती आणि कधी द्यायचं?

बहुतेकांना दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांच्या अंतराने. सुरुवात बहुधा एका वेळी 1 युनिट किंवा त्याच्या आसपास होते आणि तिथून हळूहळू बदलतात. तुमच्या झोपण्या-उठण्याला आणि कामाला जमेल अशी वेळ निवडा. सहाला जमणार नसेल तर आठ-आठ ठेवा. अर्धा-पाऊण तास मागेपुढे झाला तर आकाश कोसळत नाही.

सिरिंजवर 40 आणि 100 लिहिलेलं असतं. कोणतीही चालते?

अजिबात नाही. मला विचाराल तर या पानावर एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

इन्सुलिन दोन तीव्रतेत मिळतं. एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असतात ते यू-40 आणि 100 युनिट असतात ते यू-100. कॅनइन्सुलिन, प्रोझिंक ही जनावरांसाठीची इन्सुलिनं यू-40 आहेत. माणसांसाठीचं ग्लार्जिन, जे मांजरांना खूप वापरलं जातं, ते सहसा यू-100 असतं. पण त्याचाच तिप्पट तीव्रतेचा, 300 युनिटचा प्रकारही मिळतो, त्यामुळे खोक्यावरचा आकडा वाचल्याशिवाय बाटली किंवा पेन घेऊ नका. सिरिंजवरच्या रेघाही त्या-त्या तीव्रतेप्रमाणे आखलेल्या असतात. यू-100 इन्सुलिन चुकून यू-40 च्या सिरिंजमध्ये एकच्या रेघेपर्यंत भरलं तर मांजरीच्या अंगात एक नाही, अडीच युनिट जातात. चार किलोचा जीव धोक्यात यायला एवढं पुरेसं आहे. उलट झालं तर एकाच्या जागी 0.4 युनिट जातं आणि साखर का उतरत नाही म्हणून सगळे डोकं खाजवत बसतात.

यू-40 च्या टोपीचा रंग बहुधा लाल आणि यू-100 चा नारिंगी असतो, पण रंगावर विसंबू नका, आकडा वाचा. दुकानदाराने "हीच आहे, चालेल" म्हटलं तरी वाचा. यू-100 साठी 0.3 मिलिलिटरची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली सिरिंज मिळाली तर तीच घ्या.

बाटली कुठे ठेवायची? हलवायची की नाही?

फ्रिजमध्ये, 2 ते 8 अंशांत, फ्रीझरच्या कप्प्यापासून लांब. गोठलेलं इन्सुलिन वितळून नेहमीसारखं दिसलं तरी टाकून द्या. हलवण्याचा नियम प्रत्येकाचा वेगळा आहे. प्रोझिंक तळहातांत हळुवार फिरवून घ्यायचं, कॅनइन्सुलिन मात्र सगळं एकसारखं दुधट दिसेपर्यंत नीट हलवायचं. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, त्याला हलवायची गरजच नाही आणि ते गढूळ दिसलं तर वापरायचं नाही. बाटली उघडल्याची तारीख लगेच मार्करने लिहून ठेवा. उघडल्यावर किती दिवस चालेल ते डॉक्टरांना विचारून त्याखालीच लिहा.

टोचायची भीती वाटते. प्रत्यक्षात करायचं कसं?

मांजरीपेक्षा माणसंच जास्त घाबरतात. सुई इतकी बारीक असते की तोंड वाडग्यात असताना बऱ्याच मांजरांना पत्ताही लागत नाही.

खाणं वाढायच्या आधीच सिरिंज भरून ठेवा. बुडबुडा दिसला तर टिचकी मारून वर आणा आणि परत बाटलीत ढकला, कारण एक युनिटच्या डोसमध्ये लहानसा बुडबुडाही बरीच जागा खातो. वाडगा खाली ठेवा, चार घास खाऊ द्या. मग दोन खांद्यांच्या मागची किंवा बरगड्यांवरची सैल कातडी अंगठा आणि दोन बोटांनी तंबूसारखी वर उचला. तंबूच्या तोंडाशी सुई पाठीच्या कण्याला साधारण समांतर ठेवून आत सरकवा, दट्ट्या सावकाश पूर्ण दाबा, एक-दोन क्षण थांबा, बाहेर काढा. सुईचं टोक पलीकडच्या बाजूने बाहेर तर आलं नाही ना, हे बोटाला जाणवतं. जागा रोज थोडी बदला. एकाच ठिकाणी टोचत राहिलं की तिथली कातडी जाड होते आणि औषध नीट शोषलं जात नाही.

पहिल्या दिवशी घरी एकट्याने करू नका. दवाखान्यात डॉक्टरांसमोर सलाइनच्या पाण्याने एकदा करून बघा, हात स्थिरावतो.

ती ऐनवेळी हलली, केस ओले लागले. परत टोचू का?

नको. किती आत गेलं, किती बाहेर सांडलं हे कुणालाच सांगता येणार नाही. केसांना औषधाचा तो विशिष्ट वास येत असला, सगळंच सांडलं असं वाटत असलं, तरी पुढच्या वेळेपर्यंत थांबा. बारा तास साखर चढी राहिल्याने सहसा काही बिघडत नाही, दुप्पट डोसने जीव जाऊ शकतो. घरातल्या दोघांनी एकमेकांना न सांगता टोचल्याचेही प्रसंग घडतात. फ्रिजच्या दारावर कागद लावा आणि टोचलं की लगेच खूण करा. खूण असेल तर दिलं, नसेल तर आधी विचारायचं.

एक डोस राहून गेला तर?

पुढचा त्याच्या वेळेवर, नेहमीएवढाच. भरपाई म्हणून वाढवायचा नाही.

आज तिने खाल्लंच नाही. इन्सुलिन द्यायचं का?

काहीच खाल्लं नसेल, उलटी झाली असेल किंवा ती कोपऱ्यात जाऊन बसली असेल, तर इन्सुलिन देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. निम्मं खाल्लं आणि बाकी खुशाल असेल तर डोस कमी करून देतात, पण किती, हा हिशेब आधीच लिहून घेतलेला असावा. जेवली नाही, रविवार आहे आणि फोन लागत नाही, असा दिवस कधीतरी येतोच.

घरी साखर तपासणं खरंच गरजेचं आहे?

माझं मत विचाराल तर हो, आणि शक्य तितक्या लवकर शिका. दवाखान्यातल्या आकड्यात ताण मिसळलेला असतो, घरचा आकडा खरा असतो. शिवाय टोचण्याआधी साखर किती आहे हे माहीत असणं म्हणजे मोठं संरक्षण आहे.

रक्त कानाच्या कडेतून घेतात. कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते, उजेडासमोर धरला की दिसते. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला कापूस किंवा मोजा अर्धा मिनिट कानाला लावा, म्हणजे रक्त नीट येतं. कानाच्या मागे कापसाचा घट्ट बोळा धरा, नाहीतर लॅन्सेट, म्हणजे रक्त काढायची छोटी सुई, आरपार जाऊन तुमच्याच बोटात घुसेल. शीर आणि कड यांच्या मधल्या जागेत टोचा, टाचणीच्या डोक्याएवढा थेंब येतो, मीटरची पट्टी त्याला टेकवा, ती स्वतःच ओढून घेते. मग त्याच बोळ्याने जरा दाबून धरा आणि आवडीचा खाऊ द्या. कार्बोदकं नसलेला, नुसता मांसाचा तुकडा चालेल. पंधरवड्यात बऱ्याच मांजरी मीटरचा आवाज ऐकून खाऊसाठी स्वतःहून हजर होतात.

कान अजिबात देत नसेल तर पंजाच्या गादीतूनही घेता येतं. कातडीवर चिकटवायचे सेन्सरही आहेत, पण माणसावर चौदा दिवस टिकणारा सेन्सर मांजर बऱ्याचदा आधीच उपटून टाकते.

आमच्याकडे आजोबांचा ग्लुकोमीटर आहे. तो चालेल?

चालेल, पण माणसांचे मीटर मांजरीची साखर सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवतात, कारण लाल पेशी आणि रक्तद्रव यांतली साखरेची वाटणी मांजरीत वेगळी असते. अल्फाट्रॅकसारखे जनावरांसाठी बनवलेले मीटर जास्त जवळचा आकडा देतात. कोणताही घ्या, पण तोच कायम ठेवा आणि मीटर कोणता आहे ते डॉक्टरांना सांगा. एकदा हा, एकदा तो असं केलं की वहीतल्या नोंदींना काही अर्थ राहत नाही.

आकडा किती असावा?

निरोगी मांजरीत दर 100 मिलिलिटर रक्तात साधारण 70 ते 150 मिलिग्रॅम असतो. इन्सुलिनवरच्या मांजरीत दिवसातला सगळ्यात खालचा आकडा 80 ते 150 च्या दरम्यान यावा आणि बाकीचा बहुतेक वेळ 300 च्या आत राहावा, एवढं झालं तरी ती मजेत जगते. साधारण 250 ते 300 ओलांडल्यावरच साखर लघवीत उतरू लागते, त्याखाली राहिली की तहान आणि लघवी आपोआप आटोक्यात येतात. टोचण्याआधीचा आकडा 200 च्या आसपास किंवा खाली आला तर सवय होईपर्यंत डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचू नका.

साखरेची दिवसभराची चाल बघायला डोसच्या आधी आणि नंतर दर दोन तासांनी, पुढच्या डोसपर्यंत मोजतात. यालाच कर्व्ह म्हणतात. हे रोज करायचं नसतं. एका चढ्या आकड्यावर घाबरून स्वतःच डोस वाढवणं हा घराघरांतला सगळ्यात मोठा धोका आहे. बदललेला डोस अंगी लागायला आठवडाभर तरी द्यावा लागतो.

साखर फार खाली गेली हे कसं ओळखायचं? काय करायचं?

60 च्या खालचा आकडा म्हणजे धोका. एकाएकी वखवखल्यासारखं खाणं, लडखडणं, थरथर, नजर शून्यात लागणं, हाकेला ओ न देणं, पुढे झटके आणि बेशुद्धी. काही मांजरी यातलं काहीच न करता फक्त कपाटाखाली जाऊन झोपतात, म्हणून नेहमीच्या जागी न दिसणारी मांजर शोधून काढा.

शुद्धीत असेल आणि खात असेल तर लगेच नेहमीचं खाणं द्या. लडखडत असेल तर मध किंवा ग्लुकोज पावडरचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा, थोडं-थोडं. बेशुद्ध मांजरीच्या तोंडात काहीही ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. झटके येत असताना दातांमध्ये बोट घालू नका. अशा वेळी गालाच्या आतल्या बाजूला किंवा ओठाखाली जमेल तेवढंच लावा आणि दवाखान्याकडे निघा. मोजत बसण्यात वेळ घालवू नका : लक्षणं दिसताहेत आणि मीटर सापडत नाही, तरी आधी मध लावा. ती सावरली तरी डॉक्टरांना दाखवा, कारण इन्सुलिनचा अंमल अजून काही तास उरलेला असतो आणि मधाची साखर लवकर संपते. पुढचा डोस त्यांच्याशी बोलल्याशिवाय नाही.

तिला खायला काय द्यायचं?

प्रथिनं जास्त, कार्बोदकं अगदी कमी, शक्यतो ओलं खाणं. कार्बोदकांतून मिळणारी ऊर्जा साधारण 12 टक्क्यांच्या आत असावी असं धरतात. पाकिटावर हा आकडा छापलेला नसतो, पण काढता येतो. प्रथिनं, स्निग्ध, ओलावा, राख आणि तंतू यांची बेरीज शंभरातून वजा करा. समजा कोरड्या दाण्यांच्या पाकिटावर 32, 14, 8, 7 आणि 3 असे आकडे आहेत, तर उरले 36. आता कार्बोदकं आणि प्रथिनं प्रत्येकी साडेतीनने, स्निग्ध साडेआठने गुणा : 126, 112 आणि 119. म्हणजे एकूण ऊर्जेचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग कार्बोदकांचा. ओल्या डब्यावर 11, 5, 80, 2 आणि अर्धा असेल तर उरतात दीड, म्हणजे साधारण 6 टक्के. "धान्यमुक्त" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या पाकिटातही बटाटा आणि वाटाणा ठासून भरलेला असू शकतो, तेव्हा हिशेब करूनच घ्या.

खाणं बदलण्याआधी मात्र डॉक्टरांना सांगा. कार्बोदकं कमी झाली की इन्सुलिनची गरजही कमी होते. जुनाच डोस चालू ठेवला तर साखर धाडकन उतरते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं गणित वेगळं असतं, तेही त्यांनाच विचारा.

ती लठ्ठ आहे. उपास घडवला तर?

कधीच नाही. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. वजन आठवड्याला अर्धा ते एक टक्का उतरावं. सहा किलोच्या बोक्यासाठी हे 30 ते 60 ग्रॅम होतात, ते बाळांच्या वजनकाट्यावरच कळतात.

काढे, पावडरी, घरगुती उपाय?

इन्सुलिनला पर्याय म्हणून एकही नाही. वर काही द्यायचंच असेल तर आधी विचारा.

मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालते. पाय मोडला का?

बहुधा नाही. फार दिवस चढलेल्या साखरेने पायांच्या नसा दुबळ्या होतात. साखर ताब्यात आली की बऱ्याच मांजरींची चाल सुधारते, पण त्याला आठवडे, कधी महिने लागतात. उंचावर चढायला एखादं खोकं पायरी म्हणून ठेवा.

डोस वाढत चाललाय, साखर हलत नाही.

आधी घरातलं तपासा : सिरिंज तीच ना, बाटली जुनी झाली का, टोचताना बाहेर सांडतंय का, शेजारच्या मांजरीचं खाणं चोरतेय का. हे सगळं ठीक असेल तर आजार दुसरीकडे असतो. दातांची किंवा हिरड्यांची जुनी सूज, लघवीचा संसर्ग, स्वादुपिंडाची सूज, थायरॉइड. मधुमेही मांजर वजन गमावण्याऐवजी वाढवत असेल, डोकं रुंद आणि पंजे मोठे झाल्यासारखे वाटत असतील, तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून वाढीचं संप्रेरक जास्त येतंय का, हे तपासायला सांगा. ही शक्यता वाटते तेवढी दुर्मीळ नाही.

इन्सुलिन कधी सुटेल का?

मांजरींच्या बाबतीत ही आशा खरी आहे. निदानानंतर लवकर साखर ताब्यात आली, खाणं बदललं, वजन उतरलं किंवा कारण ठरलेलं स्टेरॉइड बंद झालं, तर काही मांजरी इन्सुलिनशिवाय राहू लागतात. चार आठवडे इन्सुलिन न देता साखर नॉर्मल राहिली तर त्याला रेमिशन म्हणतात. डोस कमी करत नेणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, कारण याच काळात साखर खाली जायची भीती सगळ्यात जास्त असते. सुटल्यावरही खाणं तेच ठेवा आणि अधूनमधून कान टोचत राहा. काहींचा मधुमेह परततो.

कशासाठी रात्री-अपरात्रीही दवाखाना गाठायचा?

वारंवार उलट्या, खाणं पूर्ण सुटणं, खोल आणि जलद श्वास, अंगात त्राण नसणं, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास. ही कीटोअॅसिडोसिसची, म्हणजे कीटोन साठून रक्त आम्लधर्मी झाल्याची लक्षणं आहेत आणि त्यावर घरी इलाज नाही, सलाइन लावावं लागतं. लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्या घरात ठेवा. ट्रेमध्ये पाणी न शोषणारे खडे घातले की तपासायला लघवी मिळते.

आम्हाला चार दिवस बाहेर जायचंय.

मांजरीला घरीच ठेवून सांभाळणारं माणूस घरी यावं, हे उत्तम. त्याला निघायच्या आदल्या दिवशी नाही, आधीच दोन-तीनदा तुमच्या देखत टोचायला लावा. कागदावर लिहून ठेवा : इन्सुलिनचं नाव, सिरिंज कोणती, किती युनिट, कोणत्या वेळी, खाल्लं नाही तर काय, मध कुठे आहे, डॉक्टरांचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा फोन. ठळक अक्षरांत एक ओळ : शंका आली तर टोचू नका. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकायला सांगा. डबा भरला की झाकण बंद करून दवाखान्यात द्या, ते पुढची विल्हेवाट लावतात.